वाचकांचे प्रश्न : दूरच्या बेटांवरची बोलकी चर्मवाद्ये

मागील अंकाच्या मलपृष्ठावर पापुआ न्यू गिनी या देशातील ‘कुंडू’ या कोरीव चर्मवाद्याचे छायाचित्र आम्ही छापले होते आणि त्याखाली जेमतेम दोन ओळींचा मजकूर दिला होता. त्या दोन ओळींवर मराठवाड्यातील वाचकांचे समाधान झाले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसले. पत्रलेखकांपैकी अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एखादे वाद्य आहे, त्यामुळे त्यांचे प्रश्नही वाद्य हाताळणाऱ्या माणसाचे आहेत. यावेळचे सदर म्हणूनच याच एका विषयासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी परभणी येथे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पापुआ न्यू गिनीच्या राष्ट्रचिन्हावर एका पक्ष्याच्या पायाशी हेच वाद्य असल्याचे विद्यार्थ्यांनी मला दाखवले. एखाद्या देशाने आपल्या राष्ट्रचिन्हावर ढोल का घ्यावा? — एक शिक्षिका, परभणी

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण अचूक आहे. पापुआ न्यू गिनीचे राष्ट्रचिन्ह १९७१ मध्ये स्वीकारण्यात आले. त्यात पंख फुलवलेला स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) आहे आणि त्याच्या पायांखाली एक आडवा भाला व एक कुंडू आहे. त्याच वर्षी देशाचा ध्वजही ठरला आणि तो सुझन कारिके या शाळकरी मुलीने रेखाटलेला आहे, हे आपण वर्गात आवर्जून सांगावे. पुढे १६ सप्टेंबर १९७५ रोजी हा देश ऑस्ट्रेलियाच्या कारभारातून स्वतंत्र झाला.

ढोलच का, याचे उत्तर त्या देशाच्या घडणीत आहे. तेथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. एका दरीतल्या माणसाला डोंगरापलीकडच्या माणसाचे बोलणे कळेलच असे नाही, देवदेवता वेगळ्या, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या. असा समाज एका राष्ट्रात गुंफताना सर्वांना आपले वाटेल असे चिन्ह सापडणे सोपे नव्हते. कुंडू मात्र किनाऱ्यावर आहे, सेपिक नदीच्या खोऱ्यात आहे, उंच डोंगराळ प्रदेशातही आहे. प्रत्येक भाषेत त्याला स्वतःचे नाव आहे. ‘कुंडू’ हे नाव टोक पिसिन या सर्वांच्या सामाईक व्यवहारभाषेतले. देशाच्या सरकारी नभोवाणीने आपल्या प्रांतिक केंद्रांच्या सेवेला ‘कुंडू’ हेच नाव दिले होते. दूरवर आवाज पोहोचवणाऱ्या यंत्रणेला ढोलाचे नाव देण्यामागे मोठी समज होती, असे मला वाटते.

वाद्याची ठेवण सांगायची तर ते लांबट असते, साधारणपणे दोन-तीन फुटांचे, मध्ये कंबर बारीक आणि दोन्ही टोके रुंद. एकाच तोंडाला कातडे मढवलेले असते, दुसरे तोंड उघडे राहते. कंबरेजवळ मूठ असते. वादक एका हाताने मूठ धरून ढोल अंगाजवळ आडवा किंवा तिरपा धरतो आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने वाजवतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : बहुतेक ठिकाणी वादक आणि नर्तक हे दोघे वेगळे नसतात. डोक्यावर पिसांचा शिरपेच घातलेले पुरुष रांगेत उभे राहून स्वतः नाचत, गात हा ढोल वाजवतात. आपल्या दिंडीत पखवाज गळ्यात असलेला वारकरी स्वतःच पावली खेळतो, तेव्हा त्याच्या बोटांचा आणि पायांचा ठेका जसा एकच होऊन जातो, तसेच ते असते. अशा सामुदायिक नृत्यसोहळ्याला तिकडे ‘सिंगसिंग’ म्हणतात. डोंगराळ भागातील गोरोका येथे १९५७ पासून भरणाऱ्या मेळाव्यात अनेक जमाती एकाच मैदानावर आपापले सिंगसिंग सादर करतात, आणि पेहराव कितीही निराळे असले तरी बहुतेकांच्या हाती कुंडू असतेच.

प्रश्न : आमच्या घरात वाघ्याची परंपरा आहे आणि माळेगावच्या यात्रेत आमची दिमडी दरवर्षी वाजते. आजोबांची दिमडी घोरपडीच्या कातड्याची होती. छायाचित्रातील वाद्याचे कातडे मला तसेच खवल्याखवल्यांचे दिसले. ते कशाचे असते आणि वाद्य सुरात कसे आणतात? — एक वाचक, लोहा, जि. नांदेड

उत्तर : आपली नजर वादकाची आहे. ते कातडे घोरपडीच्याच कुळातल्या प्राण्याचे असते. न्यू गिनी बेटाच्या (याच्याच पूर्व भागात पापुआ न्यू गिनी हा देश आहे) सखल आणि किनाऱ्यालगतच्या प्रदेशात त्या कुळातल्या मोठ्या सरड्यांचे कातडे कुंडूसाठी सर्वात अधिक वापरले जाते. काही ठिकाणी सापाचे, तर डोंगराळ भागात झाडावर राहणाऱ्या पिशवीधारी प्राण्यांचे कातडेही लावतात. घोरपडीचे कातडे पातळ असूनही चिवट असते. आपल्याकडच्या दिमडी-खंजिरीवाल्यांनी आणि हजारो मैलांवरच्या त्या लोकांनी एकमेकांचे तोंडही न पाहता तेच कातडे निवडले, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र भारतात घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेले आहे. जुनी दिमडी आठवण म्हणून कितीही प्रिय असली तरी नव्या दिमडीसाठी शेळीचेच कातडे वापरावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता घडणीकडे वळू. कुंडू एकाच लाकडी ओंडक्यातून निघते. जोड नाही, खिळा नाही. बाहेरचा आकार काढून झाला की दोन्ही टोकांकडून आत पोखरत जायचे. जुन्या पद्धतीत ओंडक्याच्या तोंडात पेटते निखारे ठेवून बांबूच्या नळीने फुंकर घालतात आणि लाकूड जळत जाईल तसतसा कोळसा खरवडून काढतात. आपल्या आयाबाया चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करीत, तेच तंत्र येथे वाद्याच्या पोटात वापरले जाते. निखारा एका बाजूला जरा जास्त वेळ राहिला तर भिंत पातळ होते आणि आवाज फाटतो, म्हणून हे काम घाईने होत नाही. मूठही नंतर चिकटवलेली नसते. ओंडका तासायला घेतानाच मूठ कुठे येणार, तिची जाडी किती, तिच्यावर कोणती आकृती उमटणार, हे कारागिराने मनाशी ठरवलेले असते, कारण एकदा लाकूड निघून गेले की ते परत येत नाही.

कातडे ओले असताना तोंडावर ताणून बसवतात आणि वेताच्या कड्याने आवळतात. चिकटवण्यासाठी झाडाचा चीक वापरतात. न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आज इंडोनेशियात मोडणाऱ्या प्रदेशात राहणारे अस्मत लोक मात्र शिंपल्यांच्या चुन्यात माणसाचे रक्त कालवून तो लेप लावतात. वाचताना अंगावर काटा येईल, परंतु यात क्रौर्य शोधू नये. ज्या वाद्यातून पूर्वज बोलणार आहेत ते वाद्य आपल्या रक्ताने जोडावे, असा भाव त्यात आहे असे मी मानतो.

सुरात आणण्याची रीत वाचून आपल्याला घरच्यासारखे वाटेल. पावसाळी जंगलातली हवा सदैव दमट असते, त्यामुळे कातडे सैल पडते. वाजवण्याआधी ते आगीजवळ धरून शेकतात, अगदी आपल्याकडे वरातीपूर्वी हलगी शेकतात तसेच. शेकल्याने कातडे ताणले जाऊन आवाज चढतो. त्यानंतर कातड्याच्या मध्यावर पोळ्याच्या मेणाच्या लहान गोळ्या चिकटवतात. मेणाचे वजन पडले की कातड्याचे कंप मंदावतात, आवाज खाली उतरतो आणि मोकळा होतो. एखादी गोळी काढली की तो पुन्हा चढतो. आपला पखवाजवादक डाव्या पुडीला ओली कणीक थापून जे साधतो तेच हे. दहा-वीस कुंडू एकत्र वाजायची असतात तेव्हा प्रत्येक जण आपले वाद्य कानाशी धरून, मेण कमीजास्त करून शेजाऱ्याशी जुळवून घेतो. आपल्या तबल्याच्या किंवा ढोलकीच्या शाईसारखा कायमचा लेप तेथे नसतो.

प्रश्न : मध्ये कंबर असलेला हा आकार म्हणजे शंकराचा डमरूच आहे. हे वाद्य प्राचीन काळी आपल्याकडूनच तिकडे गेले असणार, असे मी एका व्याख्यानात ऐकले. ते खरे आहे काय? — एक ज्येष्ठ वाचक, अंबाजोगाई

उत्तर : त्याला काहीही पुरावा नाही. डमरूला दोन तोंडे असतात, दोन्हींवर कातडे असते, दोऱ्यांनी ते एकमेकांना ओढलेले असते आणि कंबरेला बांधलेल्या दोरीच्या टोकाची गाठ मनगटाच्या झटक्याने दोन्हीकडे आपटते. कुंडूला यातले काहीही नाही. साम्य आहे ते कंबरेचे, आणि कंबरेचे ढोल पश्चिम आफ्रिकेत आहेत, कोरियात आहेत, जपानातही आहेत. दोन्हीकडून पोखरलेला आणि मध्ये धरता येईल असा ओंडका माणसाने जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे घडवला, हे अधिक संभवते. न्यू गिनीत माणसाची वस्ती चाळीस हजार वर्षांहून जुनी आहे. त्या लोकांच्या हातांना आणि कानांना त्यांचे श्रेय देणे उचित होईल.

प्रश्न : आम्ही गोंधळी. आई तुळजाभवानीच्या नावाने संबळाची पूजा केल्याशिवाय आम्ही त्यावर काठी टेकवत नाही. त्या बेटांवर वाद्याला देव मानतात काय, आणि त्यावरच्या कोरीव कामाचा अर्थ काय? — एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वात मोलाचा वाटलेला प्रश्न हा आहे. देव हा शब्द तिकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. तिकडे वाद्याला वाचा असते असे मानतात, आणि ही वाचा कोणाची हे जमातीजमातीला वेगळे असते.

अस्मत लोकांची उत्पत्तिकथा ऐकावी. फुमेरिपित्स नावाचा आदिपुरुष एकटा होता. त्याने मोठे घर बांधले, परंतु घरात कोणी नव्हते. मग त्याने झाडे तोडून स्त्री-पुरुषांच्या मूर्ती कोरल्या आणि घरभर ठेवल्या. तरीही त्या निश्चलच राहिल्या. शेवटी त्याने एक ढोल कोरला, त्याला कातडे लावले आणि तो वाजवू लागला. त्या आवाजाने मूर्तींचे सांधे हळूहळू मोकळे झाले, त्या हलू लागल्या, नाचू लागल्या, आणि तेच पहिले अस्मत लोक. म्हणजे अस्मत माणूस स्वतःला झाडाचा वंशज मानतो आणि आपल्या अंगातला प्राण ढोलातून आला असे समजतो. त्यांच्या ढोलाच्या मुठीवर पूर्वजांच्या आकृती आणि धनेश पक्ष्याची चोच कोरलेली असते, ती शोभेसाठी नव्हे. कोरल्यामुळे पूर्वज तेथे हजर होतो.

सेपिक नदीच्या काठच्या लोकांत मगर ही आद्य पूर्वजांपैकी एक आहे, म्हणून तिकडच्या कुंडूवर मगरीचे डोके वारंवार दिसते. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर ‘वारुप’ नावाचा ढोल आहे. त्याचे उघडे टोक जबड्यासारखे दुभागलेले असते. वाद्याला तोंड आहे ते बोलण्यासाठी, हे तिथे लाकडातच दिसते.

पापुआ न्यू गिनीच्या बोसावी भागातील कालुली लोकांबद्दल तर थोडे सावकाश सांगितले पाहिजे. स्टीव्हन फेल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात त्यांच्यात राहून त्यांचे ध्वनिविश्व समजून घेतले. माणूस मरतो तेव्हा तो जंगलातला पक्षी होतो, अशी कालुलींची श्रद्धा आहे. त्यामुळे पक्ष्याची साद ही त्यांच्यासाठी नुसती साद नसते. त्यांच्या ढोलाचा आवाज एका विशिष्ट रानपक्ष्याच्या हाकेसारखा यावा, यासाठी कारागीर धडपडतो. समारंभात ढोल संथ, एकसारखा, खूप वेळ वाजत राहतो. ऐकणाऱ्याला आधी त्यात पक्ष्याचे ‘तिबो तिबो’ ऐकू येते. मग कान त्यात आणखी खोल शिरतो आणि तेच ठोके ‘दोवो दोवो’ असे ऐकू येऊ लागतात. कालुली भाषेत दोवो म्हणजे बाबा. गेलेले लेकरू बापाला हाक मारीत आहे, असे जाणवून ऐकणारे मोठमोठ्याने रडू लागतात. ढोल असा वाजला तरच तो चांगला वाजला, असे तेथे समजतात. गोंधळात रात्री उशिरा एखाद्या कवनावर बायामाणसांच्या डोळ्यांना पदर लागतो, ते आपण पाहिलेले असल्याने हे आपल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

पॅसिफिकच्या पूर्व भागात ढोलाचे रूप पालटते. हवाईमध्ये ‘पाहू’ हा उभा ढोल नारळाच्या किंवा विलायती फणसाच्या खोडातून काढतात, वर शार्क माशाचे कातडे लावतात आणि ते काथ्याच्या दोरीने तळाकडे ओढून बांधतात. तळाचा भाग अर्धचंद्राकृती कमानींनी कोरलेला असतो. दंतकथेनुसार ला-अमाइकाहिकी या सरदाराने पाहू दक्षिणेकडच्या काहिकी देशातून होडीतून आणला, आणि होडी दिसण्याआधीच त्याचा नाद किनाऱ्यावर ऐकू आला. या ढोलांना माणसांसारखी नावे असत. त्यांतील ‘हावेआ’ हा ओआहू बेटावरील कुकानिलोको या पवित्र स्थळी राजघराण्यात मूल जन्मल्याची वार्ता देण्यासाठी वाजे. मंदिराचा पाहू निराळा आणि हुला नृत्याचा पाहू निराळा असे. १८२० मध्ये ख्रिस्ती मिशनरी आले, १८३० मध्ये राणी काअहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी घातली आणि हे ढोल मागे पडले. परंपरा जाणत्यांच्या घरांत टिकली होती, म्हणूनच १८८३ मध्ये कालाकाउआ राजाच्या राज्याभिषेकात हुला पुन्हा उघडपणे सादर होऊ शकला.

आपल्या प्रश्नातील पूजेचा भाग राहिला. वाद्य घडवताना आणि बाहेर काढताना पाळायचे निर्बंध या बेटांवर पुष्कळ आहेत. काही वाद्ये पुरुषांच्या सामायिक घरातच ठेवतात आणि तेथे स्त्रियांना मज्जाव असतो. या बाबतीत मला त्या परंपरेचे कौतुक करता येत नाही.

प्रश्न : आमच्या गावात हलगी सर्वांना लागत असे, पण ती वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसवीत. कातड्याचे वाद्य घडवणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला तिकडेही असेच हलके लेखतात काय? — एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : नाही. कातड्याला हात लावल्याने माणूस बाटतो, ही कल्पना त्या समाजांत नाही. अस्मत समाजात कोरीव काम करणाऱ्याला ‘वोव-इपित्स’ म्हणतात, म्हणजे कोरणारा माणूस. त्याचा मान मोठा असतो, आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्याने त्या काळात त्याच्या खाण्यापिण्याची सोय करायची असते. कुंडू वाजवणारे हात तर गावातल्या सर्वच पुरुषांचे असतात. वाजवणे हे एका जातीकडे सोपवलेले काम नाही.

आपल्या गावांत वाद्याविना लग्न लागत नव्हते, मिरवणूक निघत नव्हती, आणि तरीही वादकाला दूर उभे केले जात होते. ही कला त्याच्याकडून हौसेने घेतली जात नव्हती, गावकीचे काम म्हणून सक्तीने करून घेतली जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी अशी गावकीची कामे टाकून दिली, आणि त्यांनी ते योग्यच केले. आज जे तरुण हलगी स्वतःच्या इच्छेने, मानधन ठरवून, मंचावर उभे राहून वाजवतात, त्यांचा ठेका मी मान ताठ ठेवून ऐकतो. आपण हा प्रश्न विचारला, याबद्दल आपला आभारी आहे.

प्रश्न : न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे आणि ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे ढोल कसे असतात? — इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, औंढा नागनाथ

उत्तर : कातडे मढवलेला ढोल माओरींकडे नव्हताच. त्यांच्या ‘पाहू’ला हवाईतल्या ढोलासारखेच नाव आहे, परंतु ती टांगलेली लाकडी फळी किंवा ओंडका असे आणि तिच्यावर ठोकून इशारा देत. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही ढोल जवळजवळ नव्हता; तेथे लाकडी काठ्या एकमेकींवर आपटून ताल धरतात. उत्तर टोकाच्या केप यॉर्क भागात तेवढा टोरेस सामुद्रधुनीच्या शेजारामुळे तो पोहोचला. कातडे नसलेले आणखी एक वाद्य तू लक्षात ठेव : पापुआ न्यू गिनीतील ‘गारामुत’. मोठा ओंडका एका फटीतून पोखरून पोकळ करतात आणि फटीच्या कडेवर काठीने ठोकून गावोगाव निरोप पाठवतात.

प्रश्न : हे ढोल आता केवळ संग्रहालयांत उरले आहेत की अजून वाजतात? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वाजतात. पापुआ न्यू गिनीत तर चर्चच्या प्रार्थनेतही कुंडू आले आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी टोरेस सामुद्रधुनीतील मेर या छोट्या बेटाकडे वळतो. तेथील मालो या दैवताच्या ढोलाचे नाव वासिकोर. १८७१ मध्ये त्या बेटांवर मिशनरी आले आणि मालोचे विधी बंद पडू लागले. १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची तुकडी ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली मेरवर पोहोचली, तेव्हा मालोच्या नृत्याचे चलच्चित्र घेण्यासाठी मुखवटे पुठ्ठ्याचे करून घ्यावे लागले, कारण मूळचे उरले नव्हते. त्या तुकडीने तेथील गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. पुढे याच बेटाच्या एडी माबो यांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी खटला चालवला. त्यात मालोचे कायदे साक्षीत सांगितले गेले, आणि ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क मान्य केला. ती मेणाची नळकांडी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वासिकोर मात्र मेर बेटावरच, त्याच्या माणसांजवळ आहे.